खाऊची वाट

संध्याकाळी जिन्यात ओळखीची पावलं वाजली की घरातलं तीन वर्षांचं मूल हातातलं खेळणं टाकून दाराकडे पळतं. दार उघडतं, आणि आलेल्या माणसाची चप्पल निघण्याआधीच एक छोटा हात पिशवीत शिरलेला असतो. ‘खाऊ आणला?’ पिशवीतून कधी राजगिऱ्याचा लाडू निघतो, कधी चिक्की, कधी नुसता एक पेरू. तो संपायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण दुपारच्या झोपेतून उठल्यापासून ते मूल त्या पिशवीची वाट पाहत असतं. आजीला त्याने दहा वेळा विचारलेलं असतं, खिडकीशी स्टूल ओढून नेलेलं असतं, खाली स्कूटर थांबली की ‘आले!’ म्हणून हाक दिलेली असते. लाडवाचा आनंद पाच मिनिटांचा, वाट पाहण्याचा दोन तासांचा.

हे पुस्तक त्या दोन तासांविषयी आहे.

लहान मुलांच्या मनाचा अभ्यास करणारी मंडळी तीन गोष्टींचा एकत्र विचार करतात. चांगलं काही मिळणार असल्याची चाहूल मुलाला किती लवकर आणि किती जोराने लागते, ही पहिली गोष्ट. पुढे चांगलंच घडेल असं त्याला मनातून किती वाटतं, ही दुसरी. आणि त्याचं मन एकंदरीत किती निकोप आहे, ही तिसरी. पहिलीला शास्त्रीय मराठीत ‘पारितोषिक-संवेदनशीलता’ असं काहीतरी म्हणावं लागेल. तो शब्द मी पुस्तकभर टाळला आहे आणि ‘चाहूल’ हाच शब्द वापरला आहे. दुसरीला आपण आशावाद म्हणतो, पण वाद हा मोठ्यांचा उद्योग. मुलाकडे असते ती आशा, आणि तिच्या खाली असतो भरवसा. तिसरीसाठी ‘मानसिक स्वास्थ्य’ हा शब्द सरकारी कागदांवर रुळला आहे. अंगणवाडीतली ताई मात्र एखाद्या मुलाबद्दल सांगते, ‘आता पोर खुलून खेळतंय.’ मला त्या वाक्यात जास्त अर्थ दिसतो.

या तिन्ही गोष्टी मूल जन्माला येताना काही प्रमाणात बरोबर घेऊन येतं. बाकीचं, आणि ते फार मोठं आहे, आजूबाजूच्या मोठ्या माणसांच्या शब्दावर उभं राहतं. आपण दिलेला शब्द पाळतो की नाही, यावर मुलाची आशा जगते किंवा कोमेजते. पुस्तकात सांगायचं आहे ते इतकंच, पण ते नीट पटावं म्हणून थोडं मागून सुरुवात करायला हवी.

1954 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. एक दांडी दाबली की मेंदूच्या ठरावीक भागात विजेचा हलका झटका बसे, आणि उंदीर ती दांडी पुन्हा पुन्हा दाबत राहत. मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं, असं तेव्हा वाटलं. पुढची चाळीस वर्षं या समजुतीला मुरड पडत गेली. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक वेगळीच गोष्ट दिसली. माकडाच्या तोंडात फळांचा रस पडला की डोपामिन स्रवणाऱ्या पेशी उसळत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात झाली. काही दिवसांत त्या पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि रस आला तेव्हा शांत राहिल्या. दिवा लागला पण रस आलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींची नेहमीची हालचालही मंदावली. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 साली ही सगळी मांडणी एकत्र प्रसिद्ध केली.

माकड आणि मूल यांची थेट तुलना करू नये, पण खिडकीशी ओढलेलं ते स्टूल मला इथे आठवतं. स्कूटरचा आवाज म्हणजे दिवा. मुलाच्या अंगात जी उसळी येते ती लाडू तोंडात पडण्याआधीची असते. आणि पिशवी रिकामी निघाली, तर त्या रिकामेपणाचीही नोंद होते. आपण म्हणतो, ‘लहान आहे, विसरेल.’ प्रसंग विसरत असेलही. पण स्कूटरच्या आवाजावर कितपत विसंबायचं हा हिशोब त्या नोंदीतून बदलत जातो.

प्रत्येक मुलाची चाहूल सारखी नसते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेफ्री ग्रे यांनी मेंदूत दोन यंत्रणा कल्पिल्या होत्या, एक हव्याशा गोष्टीकडे ओढणारी आणि दुसरी धोक्याची शंका आली की पाय मागे घेणारी. त्यांच्या मांडणीत पुढे पुष्कळ बदल झाले, तरी मूळ कल्पना टिकली. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात मेरी रॉथबार्ट यांनी पालकांना विचारायच्या प्रश्नावल्या तयार केल्या. सहलीला जायचं ठरलं की मूल किती उत्तेजित होतं, नव्या घसरगुंडीकडे धावतं की दुरून पाहतं, अशा साध्या गोष्टी त्यांत विचारल्या जातात. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एक वाढदिवसाच्या घरात शिरताच फुग्यांवर झेप घेतं आणि दुसरं आईच्या ओढणीमागे उभं राहून पंधरा मिनिटं पाहत राहतं. पंधरा मिनिटांनी तेही फुग्यांकडे जातं. दोघांची तब्येत उत्तम आहे. ज्या मुलाची चाहूल तिखट, त्याच्या वाट्याला आनंद भरपूर येतो, तसा आरडाओरडा आणि हट्टही येतो, हे त्याच्या आईला कुणी सांगायला नको.

आपल्या भाषेत या चाहुलीला फारसं चांगलं नाव नाही. हावरट, आशाळभूत, हट्टी, अधाशी असे शब्द चटकन तोंडात येतात. पाहुण्यांच्या बशीतल्या काजूकतलीवर टक लावलेल्या मुलाला आई डोळ्यांनीच दटावते. ज्याला थांबता येतं ते मूल गुणी, हा आपला जुना निकष. गेल्या तीस वर्षांत त्याला एका परदेशी प्रयोगाचा आधारही मिळाला, आणि त्या प्रयोगावर मला थोडं विस्ताराने लिहायचं आहे, कारण त्याची अर्धीच गोष्ट आपल्यापर्यंत पोचली आहे.

वॉल्टर मिशेल 1930 साली व्हिएन्नात जन्मले. 1938 मध्ये नाझी आले आणि हे ज्यू कुटुंब देश सोडून अमेरिकेला गेलं. साठच्या दशकाच्या शेवटी ते स्टॅनफर्ड विद्यापीठात होते. तिथल्या बिंग बालवाडीत त्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर एक मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ फुगीर गोळी, किंवा बिस्किट ठेवलं. मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन मिळतील, असं सांगून खोलीतला माणूस बाहेर जाई. कुणी डोळे झाकून घेई, कुणी गाणं म्हणे, कुणी पाठ फिरवून बसे, कुणी लगेच खाऊन टाके. ही मुलं मोठी झाल्यावर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला. ज्यांना लहानपणी जास्त वेळ थांबता आलं होतं त्यांचे परीक्षेतले गुण वरचे आणि ताण सोसायची ताकद जास्त, असं 1990 च्या निबंधात दिसलं. डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या 1995 च्या पुस्तकाने ही गोष्ट जगभर नेली. आपल्याकडच्या पालकसभांतही ती सांगितली जाऊ लागली, आणि कितीतरी घरांत चॉकलेट समोर ठेवून मुलांची परीक्षा घेतली गेली.

2018 साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला. तो निम्माच निघाला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची आधीची समज हे सगळं हिशोबात धरल्यावर त्या निम्म्यातलंही थोडंसंच उरलं. म्हणजे मुलाचा संयम म्हणून आपण जे मोजत होतो त्यात त्याच्या घराचं माप मिसळलेलं होतं.

त्याच्याही पाच वर्षं आधी रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी केलेला प्रयोग मला या साऱ्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. त्या पूर्वी कॅलिफोर्नियात बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करत. तिथल्या मुलाच्या हातातली वस्तू केव्हा कोण नेईल याचा नेम नसे. या मुलांसमोर मार्शमॅलो ठेवला तर ती ताबडतोब खातील, आणि तसं करण्यात ती शहाणपणाच दाखवतील, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी तीन ते पाच वर्षांची 28 मुलं घेतली आणि दोन गट केले. दोन्ही गटांतल्या मुलांना चित्रासाठी झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थोडा धीर धर, मी छान नवे आणते. एका गटात नवे खडू खरंच आले. दुसऱ्या गटात बाई रिकाम्या हाताने परतल्या आणि म्हणाल्या, माफ कर, नाहीत आमच्याकडे. स्टिकरच्या बाबतीतही तेच पुन्हा झालं. त्यानंतर मार्शमॅलो आला. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेल्या गटातली सरासरी तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात चौदांपैकी नऊ होती, दुसऱ्या गटात एक.

दोन मोडलेले शब्द, तेही अनोळखी बाईंनी मोडलेले, आणि मुलाचा धीर पाव हिश्श्यावर आला.

खरं तर मिशेल यांनाही हे आधीपासून जाणवलं होतं. 1958 साली प्रसिद्ध झालेल्या त्रिनिदादमधल्या त्यांच्या अभ्यासात लहान गोळी आत्ता की मोठी गोळी नंतर, असा पर्याय सात ते नऊ वर्षांच्या मुलांना दिला होता. ज्या मुलांच्या घरात वडील नव्हते ती मुलं लहान गोळी लगेच घेण्याकडे जास्त झुकत. नंतर देतो म्हणणारा माणूस खरंच परत येईल का, हा प्रश्न तिथे होताच. पण प्रयोग प्रसिद्ध झाला तो संयमाची परीक्षा म्हणून, आणि भरवशाची बाजू मागे राहिली.

आता आपल्या घरात येऊ. मुलाच्या हातातून मोबाइल काढून पाठीमागे लपवायचा आणि आकाशाकडे बोट दाखवून म्हणायचं, ‘काऊने नेला!’ कामावर निघताना रडेल म्हणून त्याची नजर चुकवून मागच्या दाराने सटकायचं. दवाखान्याच्या पायरीवर ‘सुई नाही टोचणार हं, डॉक्टरकाका फक्त बघणार’ असं सांगायचं. दुकानात हट्ट सुरू झाला की ‘उद्या नक्की घेऊ.’ भूर जायचं म्हणून कपडे घालून बालवाडीत नेऊन सोडायचं. यातली प्रत्येक गोष्ट प्रेमाच्या माणसांनी, मुलाला त्रास होऊ नये म्हणूनच केलेली असते. मी त्या माणसांना दोष देत नाही, कारण मीही त्यांच्यातलीच आहे.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिला राणीच्या बागेत न्यायचं मी कबूल केलं होतं. तो रविवार कामात गेला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी मला ताप होता. चौथ्या रविवारी तिने विचारलंच नाही. सकाळभर ती जमिनीवर बसून डब्यांची झाकणं लावत राहिली. किती समजूतदार झाली, असं मी शेजारणीला कौतुकाने सांगितल्याचंही मला आठवतं. पुढे कधीतरी आम्ही निघालो, तेव्हा बसमध्ये तिने तीनदा विचारलं, ‘खरंच चाललोय ना?’ त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. ज्याला मी समजूतदारपणा म्हणत होते ती तिची मागे घेतलेली आशा होती. बालवाडीच्या ताईंसोबत काम करायला लागल्यावर हा शब्द मला वारंवार भेटला. ‘काही मागत नाही, फार समजूतदार आहे.’ पाच वर्षांच्या आतल्या मुलाबद्दल हे वाक्य कानावर आलं की मी त्या मुलाजवळ जाऊन बसते.

थांबणं मुलांना शिकवूच नये असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. थांबणं ही सवय आहे, आणि ती कशासाठी लागते हे घराघरावर अवलंबून असतं. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपानमधली मुलं खाण्यासाठी अमेरिकन मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबली. बांधलेली भेटवस्तू उघडण्यासाठी मात्र अमेरिकन मुलं जास्त थांबली. जपानी घरांत सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय खायला सुरुवात करत नाहीत, आणि अमेरिकन घरांत नाताळच्या भेटी झाडाखाली दिवसचे दिवस तशाच असतात. हे वाचून आपल्या कुठल्याही आजीला नवल वाटणार नाही. गणपतीच्या दिवशी सकाळपासून उकडीच्या मोदकांचा वास घरभर असतो आणि चार वर्षांचं मूल नैवेद्य दाखवून होईपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात घुटमळत राहतं. ते थांबतं, कारण मोठेही थांबलेले असतात. आणि नैवेद्यानंतर मोदक मिळतो. दर वर्षी मिळतो. त्या थांबण्यात धाक फार थोडा असतो आणि खात्री पुष्कळ.

या खात्रीवरच आशा उभी राहते. एरिक एरिक्सन यांनी 1950 साली मांडलं की मुलाच्या पहिल्या वर्षातलं मोठं काम म्हणजे जगावर विश्वास ठेवायला शिकणं. ते जमलं तर त्यातून आयुष्यभर पुरणारा जो गुण निपजतो त्याला त्यांनी पुढे नाव दिलं ‘आशा’. भूक लागली, रडलं, कुणीतरी आलं. हे शेकडो वेळा घडलं की ‘कुणीतरी येतं’ हे मुलाच्या अंगात मुरतं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाची आशा मोठ्यांना भाबडी वाटते. क्रिस्टी लॉकहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवलं की पाच-सहा वर्षांच्या मुलांना वाईट गुण मोठेपणी आपोआप चांगले होतील असं वाटतं, अगदी शरीराच्या उणिवांबद्दलही. वय वाढतं तसा हा विश्वास ओसरतो. लॉकहार्ट यांनी त्याला संरक्षक आशावाद म्हटलं, आणि मला ते पटतं. बुटाची नाडी चाळीस वेळा चुकूनही एकेचाळिसाव्यांदा बांधायला बसायचं असेल तर माणसाला स्वतःविषयी थोडी वाजवीपेक्षा जास्त आशा असावीच लागते. ‘तुला नाही जमायचं, दे इकडे’ हे वाक्य वेळ वाचवतं आणि ती जास्तीची आशा खर्च करतं.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून ‘शिकलेली हतबलता’ ही कल्पना पुढे आली. काही केलं तरी झटका चुकत नाही हे अनुभवलेले कुत्रे, पुढे सुटकेची वाट मोकळी असूनही, पडून राहत. ते प्रयोग वाचताना आजही त्रास होतो. पण जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, दोघांनी आपलाच निष्कर्ष उलटा फिरवला. मेंदूचा नवा पुरावा पाहून त्यांनी लिहिलं की दीर्घ त्रासासमोर गप्प पडून राहणं हीच प्राण्याची मूळ प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काही बदलू शकतं. एवढ्या उतारवयात आपल्या कीर्तीचा पायाच बदलणाऱ्या या दोन शास्त्रज्ञांविषयी मला आदर वाटतो. आणि बालवाडीच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ फार मोठा आहे. आशा मुलाला अनुभवातून द्यावी लागते, आणि पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

चाहूलच मंदावली तर काय होतं, हा या पुस्तकातला सर्वांत अवघड भाग. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला नैराश्य येऊ शकत नाही, असं तज्ज्ञही बरीच वर्षं मानत. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोन ल्यूबी यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून ही समजूत मोडली. अशा मुलांत सतत रडणं दिसेलच असं नाही. नेमकी खूण वेगळीच होती, ती म्हणजे खेळात आनंद न वाटणं. एका अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर मेंदूचे तरंग टिपणारी टोपी घालून त्यांना पडद्यावरच्या दारांतून एक निवडण्याचा खेळ दिला. जिंकल्यावर निरोगी मुलांच्या मेंदूत जी ठळक लाट उठते ती नैराश्य असलेल्या मुलांत बोथट होती.

बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतल्या 136 मुलांवर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी या शतकाच्या सुरुवातीला जो दीर्घ अभ्यास हाती घेतला, त्यातूनही हेच पुढे येतं. त्या आश्रमांत अन्न होतं, छप्पर होतं, पण एकेका बाईकडे इतकी मुलं होती की रडल्यावर कुणी येईलच याची शाश्वती नव्हती. ही मुलं बारा वर्षांच्या आसपास आली तेव्हा खेळात मोठं बक्षीस समोर दिसत असूनही, कुटुंबात वाढलेल्या मुलांसारखा त्यांना चेव येत नव्हता.

या काळोखात एक दिलासाही आहे. ल्यूबी यांच्या गटाने 2018 मध्ये 229 मुलं आणि त्यांच्या पालकांसह केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध नव्हतं. अठरा आठवडे आई किंवा बाबा मुलाशी खेळत, काचेच्या पलीकडे समुपदेशक बसलेला असे आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून हळूच सुचवत असे. आत्ता त्याच्या चेहऱ्याकडे बघा, तो खूश झालाय, तो आनंद थोडा वाढवा. आता तो चिडलाय, त्याला शब्द द्या. अठरा आठवड्यांनी बहुतेक मुलांचं नैराश्य लक्षणीय उतरलं होतं, पालकांचा स्वतःचा ताणही कमी झाला होता. मुलाला आनंद झाला की थांबून तो त्याच्याबरोबर पाहायचा, एवढी गोष्ट उपचार म्हणून शिकवावी लागते याचं वाईट वाटतं. ती शिकता येते, ही त्यातली जमेची बाजू.

वाचकांपैकी अनेकांच्या मनात आता एक व्यवहारी प्रश्न असेल. मुलांना चाहूल इतकी हवी असेल तर बक्षिसं भरपूर द्यावीत का? वहीत स्टार, हातावर शिक्का, भाजी संपवली तर कार्टून, शी-शू सांगितली तर चॉकलेट?

याचंही उत्तर बिंग बालवाडीतच मिळालं होतं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 साली स्केचपेनने चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पेनं मोकळी ठेवली तेव्हा ठरवून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अचानक मिळालेल्यांचा रस टिकून होता. जो आनंद चित्रात होता तो प्रमाणपत्रात हलवला गेला, आणि प्रमाणपत्र संपल्यावर चित्रही संपलं.

हे आपल्याकडे नवं नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका 1920 पासून बक्षीस आणि शिक्षा दोन्हींच्या विरोधात उभे होते. तिथे त्यांच्यासोबत काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुलांना शाळेत आणण्यापेक्षा त्यांनी शाळाच अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. शंखशिंपले, बिया, पानं, खडे ही त्यांची साधनं होती. मूल बी मोजतं, कारण बी मोजण्यात त्याला गंमत वाटते, हा विश्वास त्यामागे होता. आज महाराष्ट्रातल्या गावागावांत जी अंगणवाडी आहे तिच्या नावामागेही ताराबाईंचाच विचार आहे. त्या परंपरेत वाढलेल्या राज्यात तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत ‘गुड’ आणि ‘व्हेरी गुड’चे शिक्के मारले जातात, हे मला अतिशय चुकीचं वाटतं.

खाऊ मात्र बक्षीस नाही. हा फरक मराठी भाषेनेच करून ठेवला आहे. बक्षीस काहीतरी केल्याबद्दल मिळतं. खाऊ आपण आहोत म्हणून मिळतो. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाने आपली आठवण ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. तो पेरू असला तरी चालतो, चिंचेचं बोटूक असलं तरी चालतं. आणला नसेल तर ‘आज नाही रे आणता आला’ हेही चालतं, कारण ते खरं असतं. मुलाला नकार सोसतो. ‘नाही’ म्हटल्यावर ते रडेल, लोळेल, अर्ध्या तासाने खेळायला लागेल. खोट्या ‘उद्या’ने मात्र त्याचा उद्यावरचा भरवसा उडतो.

पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या स्वभावांची मुलं भेटतील. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहिलेली आहेत, शहरात पाळणाघरात दहा तास काढणारी आहेत. सगळ्यांची नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. परदेशी संशोधनातले आकडे बहुतेक अमेरिका-युरोपातल्या मुलांचे आहेत आणि एखाद्या मुलाचं भविष्य त्यांवरून कुणी वर्तवू नये. स्वभावाच्या प्रश्नावल्या घरी भरून मुलांवर शिक्के मारू नयेत, म्हणून मी त्या पुस्तकात दिलेल्या नाहीत. मूल आठवड्यामागून आठवडे खेळात रमत नसेल, आवडीच्या गोष्टीनेही त्याचा चेहरा हलत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर पुस्तक वाचत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

बालवाडीच्या ताईंना, आईबाबांना, आणि दिवसभर घर राखणाऱ्या आजी-आजोबांना एकच विनंती आहे. आज सकाळी घरातून निघताना एखाद्या मुलाला काही कबूल केलं असेल, तर हे पान इथेच मुडपून ठेवा आणि आधी ते घेऊन या. ते खिडकीशी उभं आहे.